क्लासमधल्या क्लासचा अदृश्य धागा

संपादक महोदय,

एका क्लासच्या (म्हणजे माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र मांडणाऱ्या साच्याच्या) आत दुसरा क्लास लिहिण्याची सोय जावा या प्रोग्रामिंग भाषेत १९९७ साली १.१ या आवृत्तीबरोबर आली. तरीही शिकवताना ती निव्वळ मांडणीची बाब म्हणून उरकली जाते, याची मला खंत वाटते. खरा भेद आतल्या क्लासच्या नावाआधी लिहायच्या ‘स्टॅटिक’ या एका शब्दात आहे. तो नसेल, तर आतल्या क्लासचा ऑब्जेक्ट (त्या साच्यावरून मेमरीत घडलेली वस्तू) सर्वसाधारणपणे बाहेरच्या ऑब्जेक्टचा संदर्भ, म्हणजे त्याच्याकडे नेणारा दुवा, स्वतःजवळ गुपचूप बाळगतो, म्हणूनच यादीच्या क्लासमध्ये लिहिलेल्या, यादीवरून क्रमाने फिरणाऱ्या इटरेटरला ती यादी वेगळी द्यावी लागत नाही. मात्र असा इवलासा ऑब्जेक्ट कुठे वापरात राहिला, तर बाहेरचा अवाढव्य ऑब्जेक्टही गार्बेज कलेक्टरला (वापरात नसलेले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या यंत्रणेला) मेमरीतून हटवता येत नाही. यादीतल्या एकेका नोडला (एक घटक ठेवणाऱ्या कप्प्याला) संपूर्ण यादीची गरज नसते, त्यामुळे नोडचा क्लास स्टॅटिकच असावा. सी प्लस प्लस या भाषेत असा छुपा संदर्भ मुळातच नसतो, तर कॉटलिनमध्ये तो हवा असल्यास ‘इनर’ असे स्पष्ट लिहावे लागते, आणि मला हीच रीत अधिक प्रामाणिक वाटते. पाठ्यपुस्तकांनी व्याख्येच्या आधी हा धागा आकृती काढून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– प्रोग्रामिंग शिकवणारा एक वाचक