बिचारं दही

दारव्हा,
२७ ऑक्टोबर

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर म्हणालास, सोयाबीन काढताना दिवसभर थ्रेशरपाशी उभा होतो, चार शिंका आल्या, थोडा खोकलो, बाकी काहीच नाही. अन् रात्री दोनला मात्र दमा उसळून उशीला टेकून बसून राहावं लागलं. वहिनींनी दोष दिला रात्रीच्या दह्याला. अकरावीला जीवशास्त्र शिकवून केस पांढरे झाले माझे, पण फोनवर काही धड सांगता आलं नाही.

आपल्या श्वासनळीच्या अस्तरात मास्ट पेशी असतात, पोटात दाणे भरलेल्या. दमेकऱ्याच्या मास्ट पेशींच्या अंगावर आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे परका पदार्थ ओळखणारी प्रथिनं, चिकटलेली. भिजलेल्या गंजीवरची बुरशी कुटारासोबत उडून त्यांना भिडली की काही मिनिटांत दाणे फुटतात, हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं, नळी आवळते. तो तुझा दुपारचा खोकला. निळा पंप मारलास, स्नायू सैल झाले, तुला वाटलं मिटलं.

मिटते कुठं बाप्पा! रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशींचा एक गट असतो, टीएच-२. उंदरांच्या पेशींत तो वेगळा ओळखला गेला १९८६ साली. हा गट त्या बुरशीवर आधीच डूख धरून असतो. त्याचे निरोप म्हणजे इंटरल्युकिनं. चार नंबरचं, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींकडून आणखी आयजीई करून घेतं, म्हणजे पुढच्या हंगामाची बेगमी. तेरा नंबरचं कफ वाढवतं. पाच नंबरचं थेट अस्थिमज्जेत जाऊन इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची भरती करतं. या पेशींचं विष खरं तर जंतांसाठी. इथं जंत नाही, तर तुझंच अस्तर सोलून निघतं. मग दुसऱ्या दिवशी चुलीचा धूरही सोसत नाही. ही फौज नळीत जमायला चार-आठ तास लागतात. थ्रेशर सहाला थांबलं ना? मोज बोटांवर.

निळ्या पंपानं यातली एक पेशीही हलत नाही. ती सूज आवरते रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानं, जो तू ‘सवय लागते’ म्हणत दसऱ्यापासून खुंटीला टांगलास. मीही एका लग्नसराईत तेच केलं होतं. शेजाऱ्याच्या जीपमधून रात्री दवाखाना गाठला, तुला माहीतच आहे. आज घेतला अन् आज गुण, असं त्याचं नाही. थोडे आठवडे दे. डॉक्टरांना भेटून पुन्हा सुरू कर, घेतल्यावर चूळ भर.

तुरीच्या वेळी मशीनपाशी पोराला उभं कर, तू बांधावर बस.

वहिनींना नमस्कार. अन् दही खात जा.

तुझा,
विन्या