नवापूरहून किसुमूकडे

मा. संपादक,
सप्रेम सलाम.

परदेशी गेलेल्या मुलांविषयी आपल्या दैनिकात बरेच दिवस वाचकांची पत्रं येत आहेत. मुलं डॉलरमागे गेली, म्हातारे आईबाप मागे राहिले, असा बहुतेकांचा सूर आहे. त्यांचं दुःख मी खोटं म्हणणार नाही. माझी लेक, जावई आणि दोन नातवंडंही पुढच्या महिन्यात केनियाला निघाली आहेत. तेव्हापासून बाजारात, एसटीत, नळावर मला एकच विचारतात, पॅकेज किती? म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

पॅकेज नाही. ती दोघं मिशनरी म्हणून जात आहेत. लेक लॅब टेक्निशियन आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या किसुमू भागात एका मिशन दवाखान्यात काम करणार. जावई डिझेल मेकॅनिक. दवाखान्याचा जनरेटर, पाण्याचे पंप आणि गाडी त्यांच्याकडे. रविवारी दोघं मुलांचा बायबलचा वर्ग घेतील आणि लोकांना येशूविषयी सांगतील. तेही सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच श्रद्धेने ती निघाली आहेत.

मी नवापूर तालुक्यातली निवृत्त परिचारिका. चौतीस वर्षं वॉर्डात काढली. आमच्या भागात सिकलसेल किती आहे हे इथल्या घराघराला माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हाडांतल्या कळांनी रात्रभर किंचाळतं. आई आणि बाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून हा दोष अंगात असला, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पूर्वी याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेत. हळूहळू तपासण्या आल्या, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आलं, १ जुलै २०२३ पासून तर देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. हाच आजार पश्चिम केनियातही घरोघर आहे. त्याचं कारण हिवताप. सिकलसेलच्या वाहकाला हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हा दोष टिकून राहिला, इथेही आणि तिथेही. लेक म्हणाली, "आई, तिथली मुलं त्याच कळांनी रडतात. बोटातून रक्त घ्यायला तर मी इथेच शिकले." त्यानंतर मी तिला अडवलं नाही. त्याआधी दोन महिने अडवलं होतं, हेही सांगायला हवं.

खर्च कोण करतं, हा दुसरा प्रश्न. एकदा एसटीत एका माणसाने माझ्या तोंडावर म्हटलं की तुम्हा लोकांना बाहेरून पैसा येतो. त्याला मी उत्तर दिलं नाही, ते आज देते. गेलं वर्षभर हे जोडपं रविवारी नंदुरबार, दोंडाईचा, धुळे, भुसावळ अशा ठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांत फिरलं. कुणी महिना दोनशे लिहून दिले, कुणी पन्नास. जावयांनी मोटारसायकल विकली. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांतल्या बाया स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. १९१० पासूनची ही रीत, त्यावर त्यांनी कितीतरी मिशनरी पाठवले. ते ऐकून आमच्या मंडळीतल्या बायांनीही डबे ठेवले. माझ्या चुलीशेजारी बिस्किटांचा जुना डबा आहे. रोज संध्याकाळी त्यात मूठभर तांदूळ पडतात. हंगामाच्या सणाला एका विधवा बहिणीने कोंबडी आणली. उपासनेनंतर लिलाव झाला आणि तीनशेची कोंबडी अकराशेला गेली. ज्याने घेतली त्याने ती तिलाच परत दिली. हा आमचा बाहेरचा पैसा.

शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "माय, पोरगीले इतली लांब कसाले धाडी ऱ्हायनी?" त्यांना मी नाशिकची गोष्ट सांगितली. शरणपूर रोड सगळ्यांना माहीत असतो, शरणपूर कशामुळे झालं ते फार थोड्यांना. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं. सुटका झालेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरायची आणि त्यांतली बरीच नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या शाळेत यायची. तिथे अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. त्यांच्यातले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये मोंबासाला परत गेले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये पाळकपणाची दीक्षा मिळाली. जेकब वेनराईट हाही शरणपूरचाच. १ मे १८७३ रोजी आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन तिथल्या जंगलात वारले तेव्हा प्रार्थना वाचली ती त्याने, आणि झाडावर त्यांचं नाव कोरलं तेही त्यानेच. केनियातल्या पहिल्या ख्रिस्ती शिक्षकांत नाशिकचं पाणी प्यालेली माणसं होती. माझ्या लेकीच्या आधी ही वाट मळलेली आहे.

पण आजीबाईंना न सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. इंजेक्शन धरायला मला शिकवलं ते समुद्रापलीकडून आलेल्या एका मडमने. तिची दोन्ही मुलं दूर दक्षिणेत डोंगरावरच्या बोर्डिंगात असत, सुट्टीतच घरी येत. दर रविवारी दुपारी ती निळ्या हवाई पत्रावर आईला लिहायची आणि पत्र पोस्टात टाकायला मला द्यायची. एका उन्हाळ्यात तार आली. आई गेली होती, दफनही झालं होतं. मडमने तार घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली आणि संध्याकाळची ड्रेसिंगं पुरी केली. मी तेव्हा अठरा वर्षांची. मला काही बोलता आलं नाही, मी चहा करून नेला. तिने माझ्यासाठी आणि माझ्या लोकांसाठी काय मागे ठेवलं हे मला चांगलं माहीत होतं. ते ठेवताना तिकडे दारात कुणी म्हातारी बाई उभी होती, हा विचार मात्र इतक्या वर्षांत मला एकदाही शिवला नाही. लेकीचा पासपोर्ट टेबलावर पाहिला त्या रात्री मला त्या बाईची आठवण झाली. मी तिचं नावही कधी विचारलं नव्हतं. आता रोज प्रार्थनेत मी तिच्याबद्दल देवाचे उपकार मानते.

तयारी चालू आहे. पीतज्वराची लस चौघांनी मुंबईला जाऊन घेतली. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते, धाकटी तिथे जाईपर्यंत रुसलेली. सामानाला मर्यादा, त्यामुळे माझा उडदाच्या पापडांचा डबा दोनदा बॅगेत गेला आणि दोनदा बाहेर आला. थोरला दहा वर्षांचा आहे. स्वाहिली शिकतो आणि मला शिकवतो. औषधाला दावा, चहाला चाय, दुकानाला दुका, हिशोबाला हेसाबू, रंगाला रांगी. चपाती तर चपातीच. "आजी, अर्धी भाषा आपल्याला येतेच," म्हणतो. तिथे मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घट्ट शिजवून पालेभाजीबरोबर खातात, त्याला उगाली म्हणतात. मी घरी करून पाहिली, दोघांनी निमूट खाल्ली.

मला काळजी आहे ती त्यांच्या मराठीची. तिथे शाळा इंग्रजीत, खेळ स्वाहिलीत. घरात लेक बोलेलच, पण वाचायला मराठी काही असेल तर ती भाषा त्यांच्या हातात राहील. म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती आहे. कुणाकडे मराठीची तिसरी ते सातवीची जुनी पाठ्यपुस्तकं असतील, मुलांच्या गोष्टींचे जुने अंक असतील, अहिराणी गाण्यांची एखादी वही असेल, तर ती नवापूर, नंदुरबार किंवा धुळ्याच्या कोणत्याही चर्चमध्ये पाळकांकडे द्यावीत. आमच्या मंडळीचं येणंजाणं असतं, ती माझ्यापर्यंत पोचतील. फाटलेली चालतील, मी शिवून घेते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आली तर सामानात जातील. उशिरा आली तर मी मागाहून पोस्टाने पाठवीन, लेकीच्या पत्राबरोबर. फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, तिथलं घड्याळ आपल्यामागे फक्त अडीच तास. तरी दर रविवारी दुपारी मी कागदावरच लिहिणार आहे, आणि तिनेही लिहायचं कबूल केलं आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. नवापूर, जि. नंदुरबार