अव्या, तुझ्या घराचे नकाशे पाहिले

दापोली,
ऑगस्टची अखेर

प्रिय अव्या,

इथे कोकणात समुद्राकाठी तू सुट्टीसाठी बांधतोयस त्या घराचे नकाशे मिळाले. तुझ्या आर्किटेक्टने पाठवलेली ती रंगीत चित्रंही पाहिली. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे पोहण्याचा तलाव, काठावर एक बाई पुस्तक वाचत पहुडलेली. चित्र झकास आहे, फक्त त्यात पाऊस नाही आणि कुलूपही नाही. तू या घरात वर्षातून राहणार किती? मे महिना, दिवाळी, नाताळ, आणि जमलंच तर काही शनिवार-रविवार. बाकी सगळा वेळ घर बंद. म्हणजे तू बांधतोयस ते मुळात बंद राहणारं घर आहे, आणि त्या बंद घराचा विचार नकाशात कुणीच केलेला दिसत नाही. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर पडला की तुम्ही खूश. इथे साडेतीन हजारांच्या आसपास पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं येऊन आपापले बंगले उघडतात, तेव्हा कामानिमित्त मी बऱ्याचदा हजर असतो. दार ढकलल्या ढकलल्या तो कुबट वास येतो. कपाटाची दारं फुगून बसलेली, गाद्यांवर हिरवट बुरशी, प्लायवूडच्या मागून वाळवीची मातीची रांग थेट छतापर्यंत गेलेली. मग खिडकी उघडायला जावं तर ती हलत नाही. ॲल्युमिनियमच्या खालच्या चॅनलमध्ये वाळू, मीठ आणि मेलेल्या किड्यांचा घट्ट थर बसलेला असतो, त्यात चाकं रुतलेली. त्या चॅनलची पाणी जायची भोकं एकदा बुजली की प्रत्येक झडीचं पाणी आत फरशीवर उतरतं. लाखो रुपयांची खिडकी, आणि ती उघडायला स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत बसायचं.

त्यात तुझी काच नेमकी पश्चिमेला. पावसाळ्यात झड तिकडूनच येते आणि मे महिन्यात दुपारचं ऊनही तिकडूनच. समुद्र दिसला पाहिजे हे मला कळतं, त्यासाठीच तर जागा घेतलीस. पण इथली जुनी घरं बघ. मधे नारळी-पोफळीची वाडी ठेवून लोक आत राहिले. समुद्र बघायचा तर चार पावलं चालत जायचं. पडवीच्या उघड्या बाजूला पावसाळ्यापुरती नारळाच्या पानांची विणलेली झापं बांधायची आणि पाऊस सरला की सोडायची, म्हणजे दर्शनी भिंत वर्षातून दोनदा बदलायची. आजच्या आर्किटेक्टांच्या भाषेत याला फार भारी नाव मिळालं असतं.

बंद घराचा विचार जगात ज्यांनी केला त्यांची कामं बघ, तुझ्या आर्किटेक्टलाही दाखव. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माझामा गावाजवळ टॉम कुंडिग या आर्किटेक्टने २००५ साली एक लहानसं घर बांधलं, डेल्टा शेल्टर नावाचं. जेमतेम हजार चौरस फूट, आणि नदीचं पूरक्षेत्र म्हणून पोलादी खांबांवर उचललेलं. भिंतींना भरपूर काच आहे, पण बाहेरून चार पोलादी सरकती दारं, प्रत्येक दहा फूट बाय अठरा फुटांचं. एक मोठं चाक हाताने फिरवलं की दांडे, गिअर आणि तारा यांच्या जोरावर चारही दारं एकदम सरकतात. मालक निघाला, चाक फिरवलं, घराची पेटी झाली. ना मोटर, ना रिमोट. बिघडलं तर गावातला फिटरसुद्धा दुरुस्त करील, ही गोष्ट मला त्यातली सगळ्यात आवडते.

ते जसंच्या तसं उचलू नकोस मात्र. तिथली हवा कोरडी, घर घट्ट बंद केलं तरी चालतं. आपल्याकडे घट्ट बंद केलं की सडलंच. आपलं घर चोराला आणि झडीला बंद हवं, वाऱ्याला उघडं. आणि हे उत्तर तुला अलिबागच्या खाली, नांदगावच्या नारळाच्या बागेत सापडेल. आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ या संस्थेने २००७ साली तिथे पामायरा हाउस बांधलं. लाकडी सांगाड्याचे दोन लांबट भाग समोरासमोर, मधे अरुंद तलाव, आणि दर्शनी बाजूंना ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या टणक भागातून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिल्या, म्हणजे फटी ठेवून बसवलेल्या पट्ट्यांची झडपं. तलाव तिथेही आहे हे तू लगेच दाखवशील, म्हणून आधीच सांगून टाकतो. काचेची भिंत जिथे आपण कल्पिली असती तिथे झिलमिल्या आहेत. ऊन गाळून येतं, वारा खेळतो आणि बाहेरून बघणाऱ्याला आतलं दिसत नाही. वास्तुकलेच्या २०१० च्या आगाखान पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होतं.

पण डोळे झाकून त्याचीही नक्कल नको. तसल्या कामाला वर्षानुवर्षं एकत्र काम केलेले सुतार लागतात, आणि लाकडाला दरवर्षी तेलपाणी करणारा माणूस घरात लागतो. तुझ्याकडे शेजारचे भाऊ येऊन दिवे लावून जातील, एवढंच. म्हणून झिलमिल्या घे, पण फक्त पश्चिमेला आणि दक्षिणेला, आणि त्याही पडवीच्या आत, छपराच्या सावलीत. सागवान परवडत नसेल तर ऐनाचं लाकूड बघू. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी किंवा चांगल्या स्टेनलेसचे. इथे पैसे वाचवायचे नाहीत, ते तलावात वाचव.

आता छप्पर. तुझ्या नकाशात सपाट स्लॅब आहे, बाहेर जेमतेम दीड फूट डोकावणारा. दापोलीपासून गुहागरपर्यंत गाडीने एक चक्कर मार आणि किती स्लॅबवर नंतर निळ्या पत्र्याची शेड चढवलीय ते बघ. आधी स्लॅबचे पैसे, मग गळतीच्या रसायनांचे, मग शेडचे. या प्रदेशात घराला टोपी पुरत नाही, इरलं लागतं. उतरतं छप्पर, चार फूट तरी वळचण, आणि आढ्याखालच्या त्रिकोणात दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे घर बंद असतानाही गरम दमट हवा वरून निघून जाते. एवढी वळचण ठेवलीस तर जांभ्याची भिंत बाहेरून गिलाव्याशिवाय सोडता येईल. उघडा चिरा पाणी पितो, तो छपराखालीच शोभतो. जोतं मात्र काळ्या दगडाचं आणि चांगलं कमरेएवढं घ्यायचं.

वादळाची भीती तू फोनवर बोलून दाखवलीस, ती बरोबरच आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा केळशी-आंजर्ल्याच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. छपरं सगळ्याच प्रकारची उडाली, कौलांची काही वेगळी नव्हती. पण कौल एकेक करून पुन्हा बसवता येतं, उडालेला पत्रा वाकला की भंगारात. कौलंच घे, फक्त वासे-रिपा भिंतीला पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडून घे, आणि कडेच्या दोन-तीन ओळी तारेने बांधून टाक. सुतार कटकट करतील, करू देत.

सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमाचा, नकाशा तू पाहिलास का? कमी वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या घराला मोकळा नसतो. दलाल काहीही सांगतो. न्यूझीलंडमध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर व्हांगापोआला एक सुट्टीची झोपडी आहे, ४० चौरस मीटरची. किनारा खचणारा, म्हणून तिथे घर हलवता आलं पाहिजे असा नियम. बांधणाऱ्यांनी नियमाशी भांडण केलं नाही, घरच दोन जाड लाकडी स्लेजवर ठेवलं. समोरची दुमजली झडप वर उचलली की तीच मांडव होते, खाली सोडली की घर बंद. माणसं पाच राहतात त्यात. तुला घर ओढत न्यायचं नाहीये, पण त्या झडपेचा फोटो तुझ्या आर्किटेक्टच्या टेबलावर असायला हवा.

यावरून मापाकडे येतो. चार बेडरूम कशाला रे? ज्याने चंदीगड आखलं त्या ल कॉर्ब्युझिएने त्याच काळात, १९५२ साली, स्वतःसाठी भूमध्य समुद्राकाठी रोकब्रून-काप-मार्तँला लाकडी खोपटं बांधलं. बारा फूट बाय बारा फूट. त्यात स्वयंपाकघरच नाही, कारण लागूनच खानावळ होती आणि तिच्यात जायला मधूनच दार. एवढं कर असं म्हणत नाही, वहिनी मला उभं करणार नाहीत. पण दोन खोल्या, एक माजघर आणि बारा फूट रुंद पडवी, बस. मुलं, पाहुणे, पत्ते, आंब्याच्या अढ्या, सगळं पडवीत मावतं. शिवाय बंद राहणारी प्रत्येक खोली ही वाळवीला दिलेली खोली आहे. एसी दोन कमी लागतील तो फायदा वेगळा.

आत प्लायवूड नको. भिंतीत कोनाडे आणि कडाप्प्याची फळकुटं, गाद्यांसाठी जाळीच्या दाराचं एकच उंच कपाट, आढ्याखाली. फॉल्स सीलिंग कुठल्याही परिस्थितीत नको. वटवाघळं, उंदीर आणि गळती, तिघांनाही ते फार आवडतं.

तुझ्या आर्किटेक्टला आधी सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, काढायला सांग, प्लॅन नंतर. सेक्शनमध्ये वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो ते बाणांनी दाखवायला सांग, घर बंद असताना. तो वैतागला तर माझा नंबर दे. आणि हो, स्वयंपाकघर पूर्वेला घेतलंय ते अगदी ठीक आहे, वहिनींनी सुचवलं असणार. ते हलवू देऊ नकोस. दसऱ्यानंतर ये, तोवर रस्ता सुधारलेला असेल. येताना मोजणीचा नकाशा आणि सातबारा दोन्ही घेऊन ये, एकदा साइटवर सुतळी लावून बघू.

तुझा,
दिग्या