‘जनुक सापडले’, पण कुठले आणि कधीचे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘अमुक आजाराचे जनुक सापडले’ असा मथळा आपल्या अंकात वरचेवर दिसतो. बातमी खोटी नसते, अर्धी असते. कारण मेंदूच्या आजाराचे म्हणून जे जनुक सांगतात, ते यकृतातही असते आणि मूत्रपिंडातही. प्रथिने बनवणाऱ्या सुमारे २० हजार जनुकांचा तोच संच जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. (पक्व तांबड्या रक्तपेशी अपवाद, त्या केंद्रकच टाकून देतात.) १९९६ साली डॉली मेंढी जन्मली ती कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून. म्हणजे कासेच्या पेशीतही अख्खी मेंढी घडवण्याची माहिती शाबूत होती, फक्त बरीचशी गप्प बसवलेली. कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती बोलते, म्हणजे काम करते, यावर यकृत यकृत होते आणि हृदय हृदय.

हिमोग्लोबिनचेच बघा. गर्भातल्या बाळाचे रक्त आधी पीतक कोशात (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीत), मग यकृतात आणि पुढे अस्थिमज्जेत तयार होते. हिमोग्लोबिनही बदलते. आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा, म्हणून गर्भाचे हिमोग्लोबिन त्याला जास्त घट्ट धरते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे जनुक मंदावते आणि प्रौढांचे जनुक सूत्रे हाती घेते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा दोष या दुसऱ्या जनुकात असतो. म्हणून तो घेऊन जन्मलेले मूल पहिले काही महिने ठणठणीत दिसते! गर्भाच्या हिमोग्लोबिनचे तोंड बंद करणारे ‘बीसीएल११ए’ हे जनुक नेमके रक्तपेशी घडतानाच दाबायचे, ही युक्ती वापरणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. ते जनुकच सरसकट मोडून चालले नसते. मेंदूच्या वाढीला ते लागते. म्हणून जनुके कापणारी कात्री चालवली ती त्याच्या रक्तपेशींपुरत्या बटणावर.

कोणते जनुक कुठे आणि केव्हा बोलते, हा हिशेब २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधक गटाने सात अवयवांसाठी मांडला. मोठा मेंदू, लहान मेंदू, हृदय, मूत्रपिंड, यकृत, बीजांडकोश आणि वृषण. प्राणी होते माणूस, ऱ्हीसस माकड, उंदीर, रॅट (मोठा उंदीर), ससा आणि ऑपॉसम हा पिशवीवाला प्राणी, तुलनेला कोंबडी. वाढीच्या सुरुवातीला या प्राण्यांतले तेच ते अवयव जनुकांच्या बाबतीत एकमेकांशी बरेच जुळतात, आणि वाढ पुढे सरकते तसे दुरावतात. सुरुवातीला बोलणारी जनुके अनेक अवयवांत राबणारी असतात. तिथे बदल झाला तर सगळीकडेच घोळ. उशिरा बोलणारी बहुधा एखाद्या अवयवापुरती, त्यामुळे उत्क्रांतीला तिथे हात मोकळा मिळतो. भ्रूण सुरुवातीला सारखे दिसतात, हे भ्रूणशास्त्रज्ञ कार्ल फॉन बेअर यांनी १८२८ मध्येच नोंदवले होते, तेही आरएनए (जनुक बोलते तेव्हा बनणारी त्याची प्रत) मोजायची सोय नसताना. मला त्या माणसाच्या नजरेचे फार कौतुक वाटते.

तेव्हा विनंती एवढीच. अशी बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: हे जनुक कोणत्या अवयवात काम करते, आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर? उत्तर मथळ्यात मावणार नाही, हे मान्य. दुसऱ्या परिच्छेदात आले तरी चालेल.

आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक