चाकांना टॉयलेट क्लीनर लावू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या तोंडावर आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती उपायांच्या सदरात गाडीची चाके चमकवण्याचे दोन उपाय छापून आले. एक लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा, दुसरा टॉयलेट क्लीनर ओतून पाच मिनिटे ठेवण्याचा. पहिल्याने बिघडत फारसे नाही, साधतही नाही. लिंबाचे आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. फेस भरपूर येतो आणि फेस आला म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. दुसरा उपाय मात्र अलॉय चाकांची वाट लावणारा आहे. काही वॉशिंग सेंटरवर तो आधीच चालतो. त्याला छापील आधार मिळाला तर आवरणे कठीण, म्हणून हे सविस्तर पत्र.

टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. संडासाच्या भांड्याला त्याचे काही वाटत नाही, कारण चिनी मातीवर काचेसारखी झिलई असते. अलॉय चाक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हा लॅकरचा थर केसापेक्षा पातळ असतो. तो अखंड असेल तर एकदा अ‍ॅसिड लावून धुतल्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही, उलट चाक झकास उजळते, आणि माणूस फसतो तो इथेच. खडी उडून पडलेले टिपके, फुटपाथला घासलेली कड, पान्ह्याने नटाच्या खोबणीतला उडालेला रंग, अशा जागांतून अ‍ॅसिड लॅकरखाली शिरते. वरून कितीही पाणी मारले तरी आत राहिलेला अ‍ॅसिडचा अंश, म्हणजे क्लोराइड, पूर्ण निघत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, बहुधा दमट हवेत, लॅकरखाली पांढरट रेषा दिसू लागतात, किड्याने पोखरलेल्या लाकडासारख्या. त्या पसरतात आणि लॅकर पापुद्र्याने सुटते. तोवर अ‍ॅसिडची आठवण कोणाला राहिलेली नसते. दोष चाकाच्या दर्जावर जातो. डायमंड कट चाकांत हे सर्वांत वाईट, कारण त्यांच्या कातलेल्या चकचकीत भागावर रंग नसतोच, धातू आणि त्यावर थेट लॅकर. ते घरी दुरुस्त होत नाही. पुन्हा यंत्रावर कातावे लागते आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो.

अ‍ॅसिडचे शिंतोडे ब्रेकची डिस्क, नट आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) यांच्यावरही जातात आणि तिथे गंज धरतो. कपडे धुण्याचा सोडा किंवा भांड्यांची कडक पावडर हा पर्यायही नको, अ‍ॅल्युमिनियमला तीव्र अल्कली तितकीच बाधते. आणि टॉयलेट क्लीनरनंतर उरलेला डाग काढायला ब्लीच ओतण्याचा उद्योग तर चुकूनही करू नये. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तो सरळ जिवावर बेततो.

अ‍ॅसिडपर्यंत पाळी येते ती चाकावरच्या काळ्या थरामुळे. लोक त्याला रस्त्याची धूळ समजतात, प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग ब्रेकचा असतो. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क दोन्ही झिजतात आणि लोखंडाचे तापलेले बारीक कण चाकावर जाऊन चिकटतात. दव किंवा पावसाचे पाणी लागले की हे कण जागच्या जागी गंजतात आणि लॅकरमध्ये रुततात. मग बोट फिरवले की चाक खरखरीत लागते आणि शाम्पूने तांबूस ठिपके जात नाहीत. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो, त्यातली पूड बरीचशी आतच राहते, शिवाय थांबवण्याचा बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर पडतो. म्हणून पुढची चाके काळी आणि मागची बरी दिसतात. नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीतून रोज ये-जा करणाऱ्या गाडीची पुढची चाके दहा दिवसांत काळवंडतात, यात बिघाड काही नाही. एकच पुढचे चाक दुसऱ्यापेक्षा फार काळे होत असेल तर मात्र त्या बाजूचा कॅलिपर अडकत असावा. तिथे साबण बाजूला ठेवून मेकॅनिक गाठावा.

सगळी गोष्ट पूड साचू लागल्यापासूनच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांची आहे. पूड रुतण्याआधी धुतली तर सौम्य शाम्पू पुरतो. तीन महिने साचू दिली की अ‍ॅसिडचा मोह होतो.

धुण्याची वेळ सकाळची, गाडी सावलीत आणि चाक थंड. गाडी फिरवून आणली असेल तर अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणे डिस्कला चांगले नाही, आणि गरम चाकावर शाम्पू क्षणात वाळून त्याचेच डाग पडतात. नागपुरात मे महिन्यात सकाळी आठनंतर हे काम करूच नये. आधी चाके, मग बॉडी. उलट केले तर चाकाची घाण धुतलेल्या दारांवर उडते. चाकांची बादली, हातमोजा आणि फडकी वेगळी ठेवावीत. चाकाच्या फडक्यात लोखंडाची पूड असते, तेच बोनेटवर फिरवले की गोल गोल ओरखडे पडतात आणि ते उन्हात चमकतात.

साहित्य साधे आहे. दहा लिटरच्या दोन बादल्या, पीएच न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असा कार शाम्पू (बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, जास्त घातला तर निथळायलाच जास्त पाणी लागते), मऊ केसांचा रंगाचा ब्रश, बाटली धुण्याचा लांब ब्रश, जुना टूथब्रश आणि दोन मायक्रोफायबर कापडे. यातले बहुतेक इतवारीत कुठल्याही किरकोळ दुकानात मिळते. ब्रशचा तारेचा दांडा उघडा असेल तर त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा, नाहीतर चाकाच्या आरीवर त्याच्याच रेघा उठतात. तारेची घासणी आणि हिरवी घासणी स्वयंपाकघरातच राहू द्यावी. टूथपेस्टही नको, तिच्यात घासणारे कण असतात.

एका वेळी एकच चाक घ्यावे. प्रथम नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरडे पुसणे हा सर्वांत मोठा गुन्हा, विशेषतः कोराडी-खापरखेडा बाजूच्या गाड्यांना, कारण वीज केंद्राच्या राखेचे कण काचेसारखे कठीण असतात. मग टायर घासावा, त्यानंतर चाकाची आतली बाजू बाटलीच्या ब्रशने, मग आऱ्या रंगाच्या ब्रशने आणि शेवटी नटांच्या खोबणी टूथब्रशने. दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ब्रश वरचेवर खळाळावा. निथळून लगेच कापडाने टिपावे. बोअरवेलचे पाणी असेल तर हे टिपणे चुकवू नये. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो पांढरा थर बसतो, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार वाळलेल्या थेंबातून चाकावर बसतो. बसलाच, तर पांढरा व्हिनेगर निम्मे पाणी घालून कापडावर घ्यावा, अर्धा मिनिट टेकवावा आणि भरपूर पाण्याने धुवावा. लॅकर गेलेल्या जागी व्हिनेगरही नको.

शाम्पूनंतर तांबूस ठिपके उरले तर आयर्न रिमूव्हर वापरावा. त्यातले थायोग्लायकोलेट हे रसायन लोखंडाशी जोडले जाते आणि द्रव जांभळा होतो. सडक्या अंड्याचा वास येतो, तो त्याचा स्वभावच आहे. हातमोजे घालून, थंड चाकावर फवारून तीन ते पाच मिनिटे ठेवावे. वाळू देऊ नये. ब्रश फिरवून धुवावे. वर्षातून दोन-तीनदा पुरे, दर आठवड्याला वापरणे म्हणजे पैसे नालीत घालणे. लेबल नसलेले, सुट्या कॅनमधले ‘व्हील क्लीनर’ घेऊ नये. स्वस्त द्रवांत कधी कधी फ्लोराइडयुक्त आम्ल असते, ते त्वचेतून आत जाते आणि वेदना तासांनी सुरू होतात.

शहरात गेली काही वर्षे सिमेंट रस्त्यांची कामे चालू आहेत, त्यामुळे आणखी एक डाग वाढला आहे. ओल्या काँक्रीटवरचे पाणी तीव्र अल्कली असते. त्याचे शिंतोडे चाकावर उडाले तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावे. वाळून दगड झाल्यावर नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तर लॅकरसकट निघते; तिथे वर सांगितलेला पातळ व्हिनेगर दोन-तीन वेळा लावून मऊ करत काढावे. डांबराच्या ठिपक्याला टार रिमूव्हर किंवा कापडाच्या टोकावर थोडे रॉकेल चालते. ते टायरला आणि डिस्कला लागू देऊ नये, आणि लगेच शाम्पूने धुवावे.

आता विदर्भाचा खास विषय, काळी माती. पावसाळ्यात शेताकडे जाऊन आलेल्या गाडीच्या चाकाच्या आतल्या घेरात ही माती थापल्यासारखी बसते आणि वाळल्यावर एका बाजूचा गोळा निघतो, दुसऱ्या बाजूचा राहतो. चाकाचा तोल गेला. पंधरा इंची चाकात 50 ग्रॅम मातीचे ढेकूळ एका बाजूला राहिले, तर ताशी 60 किलोमीटरला ते चाकाला साधारण अडीच किलोचा झटका देते, 120 ला दहा किलोच्या वर, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तोही 120 ला सेकंदाला सुमारे 17 वेळा. शहरात काहीच जाणवत नाही. समृद्धी महामार्गावर गाडी वेगात गेली की स्टीअरिंग थरथरू लागते. लोक घाबरून बॅलन्सिंगला पैसे देतात. मातीसकट बॅलन्सिंग केले तर माती गळून पडल्यावर पुन्हा तोल जातो, ही त्यातली गंमत. म्हणून आधी आतला घेर धुवावा. माती पाण्याने अर्धा तास भिजू द्यावी, मग लाकडी चमच्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावी. आत चिकटवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या चपट्या पट्ट्या दिसतील, ती घाण नसून बॅलन्सिंगची वजने आहेत. त्यांच्यावर प्रेशर वॉशर रोखू नये. एरवीही प्रेशर वॉशरचे तोंड टायरपासून फूटभर दूर असावे.

आतला घेर नीट धुवायला चाक उतरवले, तर बसवताना नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पान्ह्यावर उभे राहून आवळणे ही वाईट सवय आहे. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये आणि 50-100 किलोमीटरनंतर एकदा नट तपासावेत.

लोखंडी रिमवाल्यांचे काम सोपे. प्लॅस्टिकची व्हील कॅप हाताने ओढून काढावी आणि मागची माती धुवावी. गंज असेल तर 220 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, मग सिल्व्हर स्प्रे. फक्त नट जिथे टेकतो त्या उतारावर रंग नको. तो रंग दबतो आणि नट सैल पडतो. कॅप बसवताना तिची खाच व्हॉल्व्हच्या समोर यावी.

टायरचा तपकिरी रंग पाहून बरेच जण काळे काहीतरी फासतात. तो तपकिरीपणा रबराला भेगांपासून वाचवणाऱ्या रसायनाचा आहे, ते हळूहळू बाहेर येते आणि हवेत तपकिरी होते. ब्रश आणि शाम्पूने फेस पांढरा येईपर्यंत घासावे, पहिला फेस चहासारखा निघतो. डिझेल किंवा जळके ऑइल लावून टायर चमकवणे बंद व्हावे. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, आणि नागपूरच्या उन्हात हा ऱ्हास आणखी लवकर होतो. लावायचेच तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजवर रुपयाच्या नाण्याएवढे घ्यावे, फक्त बाजूच्या भिंतीला लावावे आणि दहा मिनिटांनी जादा पुसावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीही नाही. हाताशी टायर आहेच, तर खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या वर आहे का आणि भिंतीला भेगा आहेत का, हेही पाहून घ्यावे. टायरच्या भिंतीवरच्या डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

स्वच्छ, कोरड्या चाकावर वॅक्स किंवा व्हील सीलंटचा पातळ हात द्यावा. दोन-तीन महिने ब्रेकची पूड नुसत्या पाण्याने निघते. दसऱ्याच्या पूजेनंतर चाकावरचे कुंकू आणि नारळाचे पाणीही त्याच दिवशी धुवावे, कोरडे चोळू नये.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच हँडब्रेक ओढून उभी करू नये. ओल्या डिस्कवर तासाभरात तांबूस गंज येतो आणि रात्रभरात ड्रम ब्रेकमधला लायनर (घासणारा पट्टा) ड्रमला चिकटतो. एखादा किलोमीटर हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक हलका दाबावा, म्हणजे तो वाळतो. पहिल्या एक-दोन वेळा ब्रेक थोडा कमी लागतो, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे.

आपला,
वाहन देखभालीच्या कामातील एक वाचक,
मानेवाडा, नागपूर