चाळीसगावच्या नानांना, एका लेकीच्या आईकडून

नाना, रामराम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय ताई" म्हणून विषय बदलता. परवाही तसंच झालं. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. स्टेशनबाहेरच्या स्टँडवर तुमच्यासोबत उभे राहणारे बाकीचे गाडीवाले, शाळांमधले सर-मॅडम, पार्कच्या गेटवर बसणारी माणसं, सगळ्यांपर्यंत हे जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. तुमचा पुतण्या तुम्हाला वाचून दाखवेलच.

माझ्या लेकीला टाइप वन डायबिटीस आहे हे तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते आणि मग इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यावं लागतं, रोज, कायम. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही. कारल्याच्या रसाने, मेथीच्या पाण्याने जातही नाही. आईने काही कमी-जास्त केलं म्हणून तर अजिबात होत नाही, पण हे मला किती जणींना सांगावं लागलं याची मोजदाद नाही. तुम्ही मात्र यातलं काहीच विचारलं नाहीत. व्हॅनमध्ये बसल्यावर तिने पाऊच उघडून इन्सुलिनचं पेन काढलं, तेव्हा आरशातून बघून तुम्ही सरळ तिलाच विचारलंत, "हे काय शे माय?" माझ्याकडे वळून नाही. ती नऊ वर्षांची आहे, पाचवीत जाते, आणि आजारी पडल्यापासून तिच्याबद्दलचे प्रश्न लोक तिच्या डोक्यावरून मलाच विचारतात. दवाखान्यात, लग्नात, वर्गात. तिने तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी इतका मोकळा ऐकला.

ही सहल आम्ही का काढली, तेही सांगते. शाळेची सहल गेली, त्यात तिला नेलं नाही. जबाबदारी कोण घेणार, असं उत्तर मिळालं. त्यांची भीती मला कळत नाही असं नाही, पण वर्गातल्या मुली धबधब्याचे आणि पाळण्यांचे किस्से महिनाभर सांगत होत्या आणि ही ऐकत होती. हिचे पप्पा सुरतला असतात, सुट्टी मिळेना. सासरच्यांचं म्हणणं पडलं की दोघीच कुठे जाता, पावसाचं, रानातलं. गणपती उठल्यावर मी ठरवलं की जायचंच. धुळ्याहून मेमू रेल्वेने चाळीसगाव, पाटणादेवी बघायची, मावशीकडे मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी जळगावकडच्या पार्कमध्ये जायचं. मनात धाकधूक होतीच. पण स्टेशनबाहेर तुम्ही भेटलात, आणि भाडं ठरवतानाच म्हणालात, "पोरगी सोबत आहे, घाई करणार नाही मी."

पाटणादेवीच्या रस्त्याला लागलो तसा डोंगर हिरवागार दिसायला लागला. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं ते रान पावसाळ्यात इतकं सुंदर असतं की धुळ्याची माणसं अजून तिकडे रांग लावून का जात नाहीत, मला समजत नाही. चंडिकादेवीच्या देवळात तुम्ही लेकीला भास्कराचार्यांची गोष्ट सांगितलीत. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे पाटणला त्यांचं गणित शिकवण्यासाठी मठ काढला, १२०७ सालचा शिलालेख आहे, तो इतिहाससंशोधक भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला, आणि त्यातल्या शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत, मठाला कुणी काय द्यायचं याबद्दलच्या. मी इतकी वर्षं खान्देशात राहून हे तुमच्याकडून ऐकलं. मग देवळाच्या ओट्यावर आम्ही डबा उघडला. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काकडी. लेक बोटांवर मोजायला लागली, किती भाकरी, त्यात पिठूळ (कार्बोहायड्रेट) किती, त्याला इन्सुलिनचे किती युनिट, पुढे चालायचंय म्हणून त्यातून किती वजा. तुम्ही घास हातात धरून तिचं गणित बघत राहिलात आणि म्हणालात, "भास्कराचार्यांच्या गावात बसून हिशोब करतेस, चुकायचा नाही." तिने हे वाक्य आल्या आल्या पप्पांना फोनवर सांगितलं.

केदारकुंडाकडे चालत जाताना तुम्ही सोबत आलात. गाडीवाला गाडीपाशी थांबतो, एवढंच भाडं ठरलेलं असतं. पण वर पठारावर पाऊस असला की खाली ओढ्याचं पाणी अचानक वाढतं, म्हणून दोघींना एकट्यांना सोडायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. काळ्या कड्यावरून पडणारं पाणी तिने पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. तुषार अंगावर आले तशी ती ओरडली, नाचली, मी फोटो काढत राहिले. कुंडात उतरायचा हट्ट तिने धरला, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. तिला पाण्याचा रंग दाखवलात. "आत्ता स्वच्छ आहे, गढूळ झालं आणि पाला वाहून यायला लागला की समजायचं, वर पाऊस झालाय. मग पळायचं." ती परत येईपर्यंत दर दोन मिनिटांनी ओढ्याचा रंग तपासत होती.

येताना पावसाची भुरभुर लागली आणि ती गप्प झाली. माझ्या ते लगेच लक्षात येतं, कारण ती सहसा गप्प बसत नाही. कपाळावर घाम, पावसात घाम. "मम्मी, पाय थरथरतात." साखर उतरली होती. जेवणाचा हिशोब बरोबर होता, चालण्याचंही वजा केलं होतं, पण चढ-उतार, थंड पाणी, नाचणं, हे सगळं कागदावर तंतोतंत बसत नाही, डॉक्टरांनी आम्हाला ते आधीच सांगून ठेवलं आहे. मी तिला दगडावर बसवलं आणि रक्तातली साखर मोजायचं मीटर काढलं. तेवढ्यात माणसं जमली. कुणी म्हणे तोंडावर पाणी मारा, कुणी म्हणे देवीचा अंगारा लावा, एका बाईने प्रेमाने पेढा पुढे केला. सगळे चांगल्या मनाने बोलत होते. पण तिच्याकडे तेव्हा वीस डोळे बघत होते, आणि तिला ते फार लागतं.

तुम्ही लोकांना बाजूला केलंत, शांतपणे, कुणालाही न दुखवता. छत्री माझ्या डोक्यावर न धरता मीटरवर धरलीत, कारण पट्टी भिजली तर वाया जाते, हे सकाळी व्हॅनमध्ये तिने तुम्हाला सांगितलं होतं. खिशातला कोरडा रुमाल काढून तिचं बोट पुसलंत. ओल्या बोटाचं रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो, तेही तिने सांगितलेलं. नाना, त्या भुरभुर पावसात खाली वाकून, चष्मा कपाळावर सारून एका पोरीचं बोट एवढ्या काळजीने कोरडं करणारे तुमचे हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मीटरवर ५८ आलं. सत्तरच्या खाली गेलं की गोड द्यायला थांबायचं नसतं. मी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून दिली. पेढा का नको, हे त्या बाईंना तुम्हीच समजावलंत, की दुधा-तुपाचं गोड रक्तात उशिरा पोचतं, आत्ता झटपट लागणारं हवं. त्यांनी मग पेढा कागदात बांधून "नंतर खा बेटा" म्हणून दिला, आणि रात्री जेवणाच्या हिशोबात धरून तिने तो खाल्लाही.

पावडर दिल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं असतं. ही पंधरा मिनिटं आईसाठी काय असतात, ते ज्या घरात हा आजार आहे तिथेच कळतं. तुम्ही तिच्या शेजारी ओल्या दगडावर बसलात आणि समोरच्या झाडावरच्या वानरांबद्दल बोलत राहिलात. कुठलं वानर टोळीचं पुढारी, कुठलं पिल्लू खोडकर. बरं वाटतंय का, म्हणून एकदाही विचारलं नाहीत. पुन्हा तपासलं तेव्हा ९४ होतं. मग दोन बिस्किटं खाल्ली. उठताना मात्र तुम्ही विचारलंत, आणि तेही तिलाच, "बसानं शे का चालानं शे?" ती म्हणाली, चालायचं. आपण चाललो.

परतीच्या रस्त्यावर तिने तुम्हाला इन्सुलिनची गोष्ट सांगितली. १९२१ साली टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं आणि १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा दिलं. तुम्ही विचारलंत, त्याच्या आधी अशी मुलं काय करायची? ती म्हणाली, "वाचायची नाहीत." तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "म्हणजे शंभरच वर्षं झाली." मीही हे तिच्या तोंडून तसं पहिल्यांदाच ऐकत होते आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

दिवसभर खूप चालणं झालं की साखर रात्रीसुद्धा उतरू शकते. म्हणून मी मावशीकडे दोनदा गजर लावून उठले. सकाळी सहाला तुमचा फोन आला. मला वाटलं, गाडीचं काही असेल. तुम्ही विचारलंत, "रात्री उतरली नाही ना साखर?" नाना, ही गोष्ट नात्यातल्या माणसांनाही आठवण करून द्यावी लागते.

आणि सातला गाडी घेऊन आलात तेव्हा पुढच्या सीटवर मातीचं छोटं मडकं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की आम्ही इन्सुलिन मडक्यात ठेवतो, एवढंच तिने बोलता बोलता सांगितलं होतं. बंद उभ्या गाडीत केवढं तापतं हे तुम्हाला रोजचं माहीत, म्हणून तुम्ही कुंभाराकडून ते आणलंत. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पार्कच्या गेटवर बॅग तपासली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, सुया तर नाहीच. तिथल्या माणसाने त्याचं काम केलं, माझी तक्रार नाही. मी डॉक्टरांची चिठ्ठी शोधत होते, मागे रांग वाढत होती, लेकीचा चेहरा उतरायला लागला होता. तुम्ही गाडी लावून आलात. मला वाटलं आता नाना भांडणार. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "भाऊ, तिलाच विचार ना, ती सांगेल." त्याने विचारलं. तिने पेन दाखवलं, बिस्किटं आणि ग्लुकोज कशासाठी ते सांगितलं. त्याने आत फोन केला, साहेब आले, चिठ्ठी वाचली आणि सगळं सामान आत नेऊ दिलं. वर ते म्हणाले, औषध आमच्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवू का? ती पटकन म्हणाली, "नको, गोठलं तर वाया जातं." मग तुमचं मडकं ऑफिसच्या टेबलावर पंख्याखाली बसलं, आणि त्या गेटवरच्या दादांनी दुपारी स्वतःहून फडकं परत ओलं केलं.

पार्कचं काय सांगू? उंचीच्या पट्टीखाली ती टाचा जमिनीला टेकवून ताठ उभी राहिली आणि उंचीत जेमतेम बसली. मोठ्या पाळण्यावरून उतरली तेव्हा साखर २३० होती, काही न खाता. भीती आणि आनंद अंगात भरला की शरीर स्वतःच साखर सोडतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाईने इंजेक्शन देऊ नका, थांबा. थांबलो. पाण्याच्या घसरगुंड्यांवर तासभर खेळली आणि साखर आपोआप खाली आली. दर तासाला तपासत होतो आणि मध्येच बिस्किटं, पुन्हा घसरगुंडी. संध्याकाळी ती इतकी दमली होती की भडगावच्या आधीच माझ्या मांडीवर झोपली.

आल्यानंतर शाळेत तिने आपली सहल सांगितली. तिच्या वर्गशिक्षकांनी मला बोलावून मीटर कसं वापरायचं ते शिकून घेतलं. पुढच्या सहलीत तिला न्यायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे, पण बोलणं सुरू झालंय. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. एक गाडी चालवणारा माणूस दिवसभरात ऐकून हे सगळं लक्षात ठेवू शकतो, तर शाळेलाही ते अवघड नाही, असं मी त्यांना म्हणाले.

नाना, तुमचे आभार मी औषधासाठी, मडक्यासाठी, थांबण्यासाठी मानतेच. पण सगळ्यात जास्त यासाठी मानते की दोन दिवस माझ्या लेकीला कुणीतरी तिच्याबद्दल तिलाच विचारलं.

दिवाळीनंतर आम्हाला तोरणमाळला जायचंय. यशवंत तलाव आणि सीताखाई, दोन्ही तिच्या यादीत आहेत. हिचे पप्पाही येतील. तुम्ही आदल्या दिवशी धुळ्याला मुक्कामाला या, सकाळी शहाद्यामार्गे निघू. मागच्या वेळी तुम्ही थांबण्याचे पैसे घेतले नाहीत. या वेळी भाडं पूर्ण घ्यायचं, हे आधीच सांगून ठेवते. वहिनींनाही सोबत आणा.

तुमची,
धुळ्याची ताई