चोंगचिंगहून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

व्हॉट्सॲप इथे चीनमध्ये चालत नाही आणि कंपनीच्या फोनवरून बोलताना वेळेचे भान ठेवावे लागते, त्यामुळे आईच्या "जेवलीस का?" या प्रश्नाच्या पलीकडे आपले बोलणे फारसे जात नाही. आज सुटी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. हे पत्र कंपनीच्या मेलवरून दादाकडे पाठवते. तो मोठ्या अक्षरांत छापून देईल, म्हणजे बाबांना वाचताना त्रास होणार नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. काम ठरल्याप्रमाणे चालले आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे विशेष काही नाही. लिहायचे आहे ते या शहराबद्दल.

मी निघताना बाबांनी वर्तमानपत्रातले कात्रण दाखवले होते, त्यात चोंगचिंग हे तीन कोटींहून अधिक लोकवस्तीचे, जगातले सर्वांत मोठे शहर असल्याचे छापले होते. आकडा खोटा नाही, पण त्यावरून जे चित्र मनात उभे राहते ते बरोबर नाही. १९९७ साली सिच्वान प्रांतातून वेगळे काढून बीजिंग, शांघाय आणि त्यानचिन यांच्याप्रमाणे थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीत दिलेला हा सुमारे ८२,००० चौरस किलोमीटरचा मुलूख आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून अधिक, आणि त्यात डोंगर, शेते, खेडी, तालुक्याची गावे असे सगळेच येते. ज्याला आपण शहर म्हणू त्या मध्यवर्ती भागात सुमारे एक कोटी लोक राहतात. तेही काही थोडे नव्हेत, पण गर्दीने मी इथे बावरले नाही, कारण मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या माणसाला गर्दीचे नवल उरत नाही. मला चकित केले ते उंचसखलपणाने.

आपले सोलापूर सपाट. घरातून निघाल्यावर किती लांब जायचे आहे एवढेच आपण विचारतो, किती वर किंवा किती खाली हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही. इथे तो आधी पडतो. यांगत्झे आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या मधल्या, डोंगराच्या सोंडेवर जुने शहर वसले आहे आणि नद्यांच्या पलीकडेही चढउतारच आहेत. मी उतरले आहे त्या हॉटेलच्या मुख्य दरवाजातून आत आले की समोर स्वागतकक्ष आहे, पण लिफ्टने आठव्या मजल्यावर गेले तर तिथेही एक दरवाजा आहे आणि तो दुसऱ्याच रस्त्यावर उघडतो. त्या रस्त्यावर बसथांबा आहे, भाजीवाले आहेत, शाळा सुटलेली मुले आहेत. तळमजला कोणता म्हणायचा हे तुम्ही कुठल्या बाजूने आलात त्यावर ठरते. फोनवरचा नकाशा आपण ठिकाणावर पोहोचलो आहोत असे सांगतो, तेव्हा ते ठिकाण डोक्यावर चाळीस मीटर उंचीवर असू शकते. पहिल्याच संध्याकाळी मी अशीच एका चौकात थांबले असताना भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजींनी माझ्या हातातला पत्ता वाचला, माझी बाही धरून मला एका बाजारपेठेच्या इमारतीत नेले, लिफ्टचे बटण दाबले, वरच्या रस्त्यावर मला पोहोचवले आणि त्याच लिफ्टने त्या खाली परत गेल्या. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

लिझिबा नावाच्या स्थानकावर मोनोरेल एकोणीस मजली रहिवासी इमारतीच्या पोटातून जाते, त्याची चित्रफीत दादाने तुम्हाला दाखवलीच असेल. सहाव्या ते आठव्या मजल्यावर स्थानक, वर लोकांची घरे. बाबा विचारतील म्हणून चौकशी केली: स्थानक आणि इमारत एकाच वेळी बांधली असली तरी दोन्हींचे खांब वेगळे ठेवले आहेत, त्यामुळे गाडीचा हादरा घरांना बसत नाही. शिवाय गाडीला रबरी चाके आहेत, म्हणून आवाजही कमी. खाली रस्त्याच्या कडेला फोटो काढणाऱ्यांसाठी वेगळा चौथरा बांधला आहे आणि तो दिवसभर भरलेला असतो.

मला मात्र त्याहून अधिक विचार करायला लावले ते इथल्या चढण्याउतरण्याच्या साध्या सोयींनी. १९८६ साली वरचे शहर आणि खालचे शहर यांना जोडणारी एक सार्वजनिक लिफ्ट सुरू झाली. ती कुठल्या इमारतीची नव्हे, शहराची लिफ्ट आहे आणि लोक बसमध्ये चढावे तसे तिच्यात चढतात. १९९६ पासून रेल्वे स्थानकाजवळ ११२ मीटर लांबीचा सरकता जिना आहे, त्याला दोन युआन तिकीट पडते. यांगत्झेवरून १९८७ पासून तारेवरचा पाळणा (रोपवे) चालतो, तो आज पर्यटकांनी भरलेला असला तरी मुळात इकडच्या काठावरून तिकडच्या काठावर कामाला जाणाऱ्यांसाठी बांधला होता. होंगयानत्सुन नावाचे मेट्रो स्थानक जमिनीखाली ११६ मीटर आहे. तिथे एकामागून एक सरकते जिने चढत मी वर येत होते, तेव्हा माझ्या पुढे काठी टेकत एक आजोबा उभे होते. ते एकटेच होते, आणि त्यांना घाई नव्हती.

आई, हे सगळे पाहताना मला सारखी तू आठवत होतीस. या शहरात उंच चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडूच नये, अशीच इथली जमीन आहे. तरी सकाळी सहा वाजता खिडकीतून पाहते तो खालच्या चौकात साठीसत्तरीच्या तीसचाळीस बायका गाणे लावून एका तालात नाचत असतात, बाजूला आजोबा मंडळी पत्ते नाहीतर माजोंग घेऊन बसलेली असतात, प्रत्येकाच्या शेजारी गरम पाण्याचा थर्मास असतो. नाचाचा तो वेळ त्यांचा आहे आणि चौक त्यांचा आहे, हे कुणाला सांगावे लागत नाही. तू दोन वर्षांत भजनी मंडळात किती वेळा गेलीस, ते मी विचारणार नाही. दोन जिने उतरायचे आणि पुन्हा चढायचे, या विचारानेच तू घरात थांबतेस, ते मला ठाऊक आहे.

या सोयी होण्याआधी इथला सगळा बोजा माणसांच्या खांद्यावर होता. बांबू आणि दोर घेऊन फिरणाऱ्या हमालांना इथे 'बांगबांग' म्हणतात, १९९० च्या दशकात त्यांची संख्या काही लाख होती असे सांगतात. आता ते फार थोडे उरले आहेत आणि जे आहेत ते वयस्क आहेत. चाओथ्यानमनच्या घाऊक कापडबाजाराजवळ त्यांच्यापैकी एकाला मी बराच वेळ पाहत उभी होते. साधारण बाबांच्या वयाचे असावेत. हातातला बांबू घासून घासून मध्ये काळसर गुळगुळीत झालेला, टोकांना नायलॉनच्या दोन दोऱ्या. त्यांनी कपड्यांचे दोन मोठे गठ्ठे दोन्ही टोकांना अडकवले, गुडघ्यात वाकून बांबू खांद्यावर घेतला, आणि पायऱ्या सरळ न चढता तिरक्या, एक पाऊल आडवे टाकत चढू लागले. वर पोहोचल्यावर दुकानदाराने पैसे फोनवरच पाठवले, त्यांनी गळ्यातल्या फोनवर ते आले की नाही ते पाहिले आणि पुन्हा उतरू लागले. लिफ्ट आल्या, गाड्या आल्या, म्हणून हे काम संपत चालले, याचे मला वाईट वाटले नाही. ज्यांचे आयुष्य त्या पायऱ्यांवर गेले त्यांना या वयातही तेच करावे लागते, याचे वाटले.

आता जेवणाचे. इथले प्रसिद्ध हॉटपॉट लाल रश्शात उकळते आणि त्या रश्शाचा पाया गाईच्या चरबीचा असतो, म्हणून मी त्याच्या वाट्याला गेले नाही. मधे पडदी असलेल्या पातेल्यात एका बाजूला अळंब्यांचा साधा रस्सा मिळतो, त्यात टोफू, कमळकाकडी, पालेभाजी शिजवून खाल्ले. पण आई, सांगायची गोष्ट वेगळीच आहे. सकाळच्या न्याहारीच्या नूडल्सवर जी पूड घालतात तिने जीभ बधिर होते. बाजारात त्या मसाल्याचे पोते पाहिले, मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि थेट मालवणच्या आजीच्या स्वयंपाकघरात गेले. उकललेली लालसर फळे, आतले काळे बी टाकून द्यायचे आणि साल वापरायचे. आपले तिरफळच! अगदी तेच झाड नव्हे, पण त्याच कुळातले. बांगड्याच्या तिखल्यात तू मोजून चार ठेचून घालतेस, इथे ओंजळीने घालतात. पाव किलो घेतले आहे, तू चाखून सांग.

बाबांसाठी एक दिवस मी राखून ठेवला होता. चाओथ्यानमनला दोन नद्या मिळतात तिथे उभे राहिले की समोर दिसते ते पाणी पुष्कळसे थ्री गॉर्जेस धरणाच्या फुगवट्याचे आहे, कारण हिवाळ्यात जलाशय १७५ मीटरपर्यंत भरतात तेव्हा फुगवटा इथवर येतो, आणि पावसाळ्यापूर्वी पुराला जागा ठेवण्यासाठी तो १४५ मीटरपर्यंत उतरवतात. उजनीच्या कालव्यांवर नोकरी केलेल्या तुम्हाला याहून जास्त समजावून सांगायला नको. फुलिंग नावाच्या गावी नदीच्या पात्रात एक लांब खडक आहे, त्यावर तांग राजवटीपासूनच्या सुमारे बाराशे वर्षांतल्या नीचांकी पाणीपातळीच्या नोंदी कोरल्या आहेत, आणि पातळी दाखवण्यासाठी दगडात मासे कोरले आहेत. ते मासे उघडे पडले की पुढचे पीक चांगले येते, अशी लोकांची समजूत होती. धरणामुळे खडक कायमचा बुडाला, तेव्हा तो हलवण्याऐवजी त्याच्याभोवती पाण्याखाली संग्रहालय बांधले, ते २००९ साली उघडले. सुमारे चाळीस मीटर खाली उतरून गोल खिडक्यांतून मी ती अक्षरे पाहिली. पाणी गढूळसर होते, अक्षरे अर्धीच दिसत होती, पण दिसत होती. मला पळसदेवचे देऊळ आठवले, उजनीचे पाणी उतरले की तुम्ही आम्हाला दाखवायला न्यायचात ते. या धरणासाठी बारा लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली आणि त्यांतली बहुसंख्य याच मुलखातली होती. दगड जपला ते चांगलेच केले. बुडालेल्या गावांची तेवढ्याच निगुतीने केलेली नोंद मला वाचायची आहे, ती कुठे मिळते ते शोधत आहे.

या शहराचे आणि आपल्या गावाचे एक नाते आहे, ते इथे आल्यावर मला नीट उमगले. जपानशी युद्ध चालू असताना चीनची राजधानी इथे हलवली होती आणि १९३८ ते १९४३ या काळात या शहरावर वारंवार बॉम्बफेक झाली. डोंगरात खोदलेले निवाऱ्याचे बोगदे अजून आहेत, त्यांतल्या काहींत आता खानावळी आणि दुकाने चालतात. ५ जून १९४१ च्या रात्री अशाच एका बोगद्यात गुदमरून आणि चेंगरून असंख्य माणसे मेली. राष्ट्रीय सभेने (काँग्रेसने) चीनच्या मदतीला पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक १९३८ च्या अखेरीस, येनान या कम्युनिस्टांच्या तळावर जाण्यापूर्वी, याच शहरात थांबले होते, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. वडील गेल्याची बातमी त्यांना इथेच कळली. ते परत फिरले नाहीत, येनानकडे निघाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच वारले. शाळेत असताना त्यांच्या स्मारकात आम्हाला नेले होते तेव्हा मला तो त्याग तेवढा दिसला होता. आता तुमच्या वयाचे आईवडील मागे ठेवून आलेल्या मला ती बातमी हातात घेऊन बसलेला माणूस दिसला. मी नदीकाठी बराच वेळ बसून होते. त्या रात्री फोन केला तेव्हा माझा आवाज वेगळा वाटल्याचे आई म्हणाली, त्याचे कारण हे.

आता मुद्द्याचे लिहिते, आणि बाबांनी ते न रागावता वाचावे. इथल्या जुन्या, सहासात मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींना बाहेरून लोखंडी सांगाडा आणि काच लावून लिफ्ट जोडण्याचे काम चालू आहे. जिन्याच्या प्रत्येक टप्प्यापाशी एक छोटा पूल काढतात आणि रहिवाशांना घर सोडावे लागत नाही. वर्गणीचा वाद इथेही होतो. त्यावर बऱ्याच ठिकाणी असा तोडगा काढतात की तळमजल्याकडून काही घ्यायचे नाही आणि जितका मजला वरचा तितका वाटा जास्त. सोसायटीच्या मागच्या सभेत तळमजल्यावरच्या मंडळींच्या विरोधामुळे आपला लिफ्टचा विषय बारगळला, त्यावर हा उपाय मांडता येईल. मागच्या बाजूला नळाच्या पाइपांशेजारी सहा फूट जागा आहे, ती तुम्ही एकदा टेप लावून मोजा आणि दादाला पालिकेत परवानगीची चौकशी करायला सांगा. आपल्या मजल्याचा वाटा मी देणार आहे. "अजून आम्हाला जिना चढता येतो" हे उत्तर मला या वेळी नको आहे, कारण चढता येणे आणि रोज बाहेर पडावेसे वाटणे यांतला फरक मी इथे रोज पाहते आहे.

पुढच्या आठवड्यात काम संपेल आणि त्यानंतरच्या शनिवारी मी पुण्याला पोहोचेन, रविवारी सकाळच्या गाडीने सोलापूरला. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये. सोसायटीची सभा त्याआधी असेल तर ती पुढे ढकलायला सांगा, मला तिथे हजर राहायचे आहे.

कळावे, लोभ आहेच.

तुमची
मनू